सवतीचे शेअर्स

सुमित्राबाई देवतळ्यांना युरेनियमचा जेवढा राग होता तेवढा अणुबॉम्बविरोधी मोर्च्यातल्या माणसांनाही नसेल. बॉम्बशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा राग अगदी घरगुती होता. लग्न होऊन आर्वीहून चंदीगडला आल्या तेव्हा त्यांना कळलं की दिगंबरराव केंद्र सरकारच्या खात्यात भूवैज्ञानिक आहेत एवढंच खरं नाही. दिवाळी झाली की दारात जीप येते, गळ्यात टिकटिक करणारं मोजयंत्र अडकवून ते पिंजौरच्या पलीकडच्या टेकड्यांत युरेनियम शोधायला जातात, आणि ऊन तापून दगडाला हात लावता येईनासा झाला की परत येतात. अधलेमधले सगळे महिने सरकारी क्वार्टरमध्ये एकटीनं काढायचे. वर लोक म्हणणार, नशीबवान बाई, नवरा वर्ग एकचा अधिकारी आहे.

मयुरेश जन्मला तेव्हा त्याचा बाप तंबूत होता. मयुरेशला कावीळ झाली तेव्हाही तंबूतच होता. होळीला नवरा घरी असणं ही गोष्ट तर सुमित्राबाईंनी त्यांच्या निवृत्तीनंतरच पाहिली. "भाईसाहब कहाँ हैं जी?" असं शेजारणी विचारायच्या, तेव्हा त्या पोळी लाटता लाटता सांगायच्या, "मेरी सौतन के पास." एक नवीन शेजारीण हे खरंच समजली. तिनं सुमित्राबाईंना मिठी मारून भोकाड पसरलं आणि संध्याकाळी वाटीभर पिन्नी, म्हणजे तिकडचे कणकेचे लाडू, आणून दिली. सुमित्राबाईंनी पिन्नी खाल्ली आणि खुलासा केला नाही. खुलासा करण्यासारखं त्यांना काही वाटलंच नाही, कारण त्यांच्या मते ते खरंच होतं.

बरं, एवढं करून सवतीनं नवऱ्याला काही दिलं असतं तरी एक गोष्ट होती. तिनं तेही केलं नाही. टेकड्यांत युरेनियम होतं, पण इतकं विरळ की खणायला परवडणार नाही, असं वरच्या ऑफिसात कुणीतरी ठरवलं आणि दिगंबररावांनी मोजलेले सगळे आकडे कपाटात गेले. निवृत्तीला शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यानंतर दिगंबररावांनी घरात युरेनियमचं नाव काढलं नाही. सेक्टर ४३ मधल्या स्वतःच्या फ्लॅटच्या गॅलरीत ते पेपर घेऊन बसत आणि बसस्टँडकडे जाणाऱ्या गाड्या बघत. सुमित्राबाईंना वाटायचं, गेली एकदाची ब्याद.

पण ब्याद गेली नव्हती. एका दुपारी पेपरात सुमित्राबाईंनी वाचलं की परदेशात एक अशी कंपनी आहे जी खाण खणत नाही, वीज करत नाही, काहीच करत नाही. ती फक्त युरेनियमची पूड विकत घेते, पिंपांत भरून कॅनडातल्या परवानाधारक गोदामात ठेवते आणि भाव चढायची वाट बघते. जगात नव्या अणुभट्ट्या उभ्या राहताहेत, खाणी कमी आहेत, तेव्हा आज ना उद्या गरज पडेल, एवढाच तिचा हिशोब. त्या कंपनीचा शेअर घेतला की त्या पिंपांतला चिमूटभर वाटा आपला.

सुमित्राबाईंनी ती बातमी दोनदा वाचली. वाट बघणं हा ज्या कंपनीचा धंदा आहे, तिचे शेअर्स घ्यायला आपल्याइतकी लायक बाई या चंदीगडात दुसरी कोण असेल, असं त्यांच्या मनात आलं. आर्वीचा वडिलांचा प्लॉट विकून भावानं त्यांचा हिस्सा नुकताच पाठवला होता. तो पैसा त्यांचा होता, माहेरचा होता, आणि त्याचं काय करायचं हे अजून कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. कुणी सांगायच्या आत त्या सेक्टर १७ मधल्या बँकेत जाऊन पोचल्या.

परदेशी शेअर्स घ्यायची सोय बँकेतच होती. काउंटरवरच्या सरोज मॅडमनी कंपनी काय करते ते विचारलं. सुमित्राबाईंनी खणखणीत आवाजात सांगितलं, "यूरेनियम रखती है." शेजारच्या रांगेतल्या सरदारजींनी मान वळवून पाहिलं.

"आंटी जी, बंब-शंब तो नहीं बनाना?" सरोज मॅडमनी हसत विचारलं.

"बनाना होता तो तीस साल पहले बनाती," सुमित्राबाई म्हणाल्या. "तब ज्यादा जरूरत थी."

खातं उघडलं. मोबाइल नंबर लिहायची वेळ आली तेव्हा सुमित्राबाईंच्या हातानं आपोआप दिगंबररावांचा नंबर लिहिला. गॅसला तोच, विजेच्या बिलाला तोच, आधारला तोच. आपल्या घरांत बायकांच्या नावावर जे काही असतं त्याचा नंबर नवऱ्याचा असतो, आणि लिहिताना कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. सुमित्राबाईंनाही वाटलं नाही. ती चूक लक्षात यायला वर्ष जावं लागलं.

पहिली खरेदी त्यांनी गुरुपुष्याला करायची ठरवली. त्यांची आई गुरुपुष्य आला की गुंजभर का होईना सोनं घ्यायची. यांनी सोन्याऐवजी सवत घ्यायची ठरवली. दिवसभर त्या तयार होऊन बसल्या, पण तिकडचा बाजार आपल्याकडे दिवेलागणीनंतर उघडतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. तो उघडेपर्यंत सूर्य मावळला आणि मुहूर्त संपला. "मुहूर्त तिकडच्या सूर्यानं धरायचा," असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं आणि खरेदी केली. ती खरेदी नेमकी भाव शिखरावर असताना झाली. त्यानंतर तो जो उतरू लागला तो उतरतच राहिला. पुढच्या वर्षीची होळी आली तोवर त्यांच्या पैशातला तिसरा हिस्सा कागदावरून पुसला गेला होता.

होळीला मयुरेश गुडगावहून आला. मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. आईबापांनी म्हातारपणी चंदीगडात दोघंच राहू नये असं त्याला मनापासून वाटत होतं. गुडगावला मोठा फ्लॅट घ्यायचा, एक खोली आईबाबांची, असं त्यानं आणि त्याच्या बायकोनं, निधीनं, ठरवलं होतं. सुरुवातीला भरायच्या रकमेत थोडं कमी पडत होतं आणि आईचा पैसा तिकडे कॅनडात वितळत होता. त्याच्या दृष्टीनं यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

धुळवडीच्या संध्याकाळी कानामागचा हिरवा रंग तसाच ठेवून तो जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसला. दिगंबरराव समोरच्या खुर्चीवर होते. सुमित्राबाई आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या तव्यावर गरम करत होत्या.

"आई, सात वाजता मार्केट खुलेगा. मी सेलची ऑर्डर टाकतो," मयुरेश म्हणाला.

"कशाची?"

"तुझ्या युरेनियमची. किती लॉस झालाय बघ यार. अजून थांबलीस तर और गिरेगा."

"मले नाही विकायचं."

"आई, इमोशनल होऊ नको ना. ये कोई इन्व्हेस्टमेंट नहीं है. कंपनी काही कमवत नाही, डिव्हिडंड देत नाही. नुसते ड्रम ठेवून बसली आहे."

"ठाऊक आहे मले. म्हणूनच घेतली." सुमित्राबाईंनी पोळी उलटली. "तू काय करून राहिला ते बंद कर अन् जेवून घे."

मयुरेशनं मान हलवली, लहान मुलाच्या हट्टाकडे बघून हलवावी तशी. "बाबांशी बोललोय मी. बाबा हो म्हणाले."

सुमित्राबाईंनी गॅस बंद केला. दिगंबरराव मिठाच्या बरणीकडे बघत होते. म्हणजे हे आधीच ठरलं होतं. फोनवर दोघांचं बोलणं झालं होतं, कधी विकायचं तेही ठरलं होतं, आणि सुमित्राबाईंना ते सांगितलं जात होतं पोळ्या गरम होता होता. त्यांच्या बापाच्या प्लॉटचा पैसा, त्यांच्या नावाचं खातं, आणि होकार दिगंबररावांचा. 

"तुम्ही हो म्हटलं?" त्यांनी विचारलं.

"त्यात काही नाही, सुमित्रा," दिगंबरराव हळू म्हणाले. "मी त्याच्यात जन्म घालवला. मले माहीत आहे. त्यातून कोणाले काही मिळत नाही."

"मी तुमाले विचारलं होतं का?"

मयुरेशच्या बोटांनी तेवढ्यात की-बोर्डवर टकटक केली. बँकेचं हे खातं कॉम्प्युटरवर चालू करून देताना पासवर्ड त्यानंच लिहून ठेवला होता. "बस, हो गया," तो म्हणाला, आणि दिगंबररावांच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला. "ओटीपी आलाय. बाबा, नंबर सांगा."

दिगंबररावांनी फोन काढला, चष्मा नाकावर सरकवला. आकडे वाचायची त्यांची एक पद्धत होती. डोंगरात यंत्रावरचा आकडा ते एकेक करून मोठ्यानं म्हणत आणि मदतनीस तो लिहून घेई. त्या सवयीनं ते घरी दुधाचं बिलही तसंच वाचत.

"चार," ते म्हणाले. "शून्य."

सुमित्राबाई टेबलाजवळ आल्या. त्यांच्या हातात उलथनं होतं. फोन हिसकावून घ्यावा असं एकदा त्यांच्या मनात आलं, पण पैसा त्यांचाच होता, आणि आपलंच कुणी हिसकावून घेत नाही. त्या हिसकावणार नव्हत्या आणि विनवणारही नव्हत्या.

"वाचा," त्या म्हणाल्या. "पुढचे पण वाचा. जन्मभर तुम्ही तेच तर केलं. आकडे तुम्ही वाचायचे अन् ठरवायचं दुसऱ्या कोणी."

दिगंबररावांचा आवाज थांबला. त्यांनी मान वर केली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात सुमित्राबाईंनी त्यांना वाट्टेल ते ऐकवलं होतं, पण कपाटात गेलेल्या त्या आकड्यांवर त्या कधी बोलल्या नव्हत्या. आज बोलल्या, आणि बोलल्याचा त्यांना पश्चात्ताप झाला नाही.

"बाबा, टाइम संपेल. दोनच मिनटं असतात," मयुरेश म्हणाला.

"थांब रे." दिगंबररावांनी फोन धरलेला हात खाली घेतला. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि वर्षभरात एकदाही न विचारलेला प्रश्न विचारला. "तू काहून घेतलं होतं हे?"

सुमित्राबाईंनी उलथनं टेबलावर ठेवलं.

"तिनं माझं काय काय नेलं ते तुमाले माहीत नाही. माहीत असायले तुम्ही होते कुठं? हा पहिल्यांदा चालला ते तुमाले पत्रातून कळलं. हा तापानं फणफणला तेव्हा मी याले खांद्यावर टाकून रिक्षा शोधत फिरली. दर होळीले मी एवढा स्वयंपाक करायची अन् आम्ही दोघंच जेवायचो. मी तिले शिव्या देत राहिली. मग म्हटलं, शिव्या देऊन काय होते? तिले विकतच घेते."

त्या थांबल्या. रडायचं नाही हे त्यांनी ठरवलं होतं, आणि त्या रडल्या नाहीत.

"तुमाले डोंगरात पोतंभर सापडलं असतं तरी ते सरकारचंच राहिलं असतं. हे माझं आहे. चिमूटभर आहे, कॅनडात आहे, पण माझ्या नावानं आहे. भाव पडला? पडू दे. अर्धा होऊ दे. तुम्ही परत याल म्हणून मी वर्षानुवर्षं बसली, तेव्हा कोणी म्हटलं नाही की ही खराब गुंतवणूक आहे, काढून घे. मले बसता येते. मी विकत नाही."

बाहेर बसस्टँडवरून सिमल्याच्या गाडीचा कंडक्टर ओरडत होता. मयुरेशच्या पडद्यावर मुदत संपल्याची पाटी आली. त्यानं पुन्हा बटण दाबलं. दिगंबररावांच्या हातात फोन पुन्हा वाजला. त्यांनी तो न बघता टेबलावर पालथा ठेवला.

"बाबा?"

"बंद कर ते, मयुरेश."

"आप दोनों समझ नहीं रहे. मी तुमच्यासाठीच करतोय. कल को कुछ हो गया तो?"

"झालं तर झालं," दिगंबरराव म्हणाले. "तिचं आहे. तिले काय करायचं ते ती करल."

मयुरेशनं लॅपटॉप मिटला. त्याला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. सुमित्राबाईंनी त्याच्या ताटात पोळी वाढली, वर नेहमीपेक्षा जास्त तूप सोडलं आणि त्याच्या कानामागचा हिरवा रंग पदरानं पुसला. "तुमचा फ्लॅट घ्या," त्या म्हणाल्या. "थोडा लहान घ्या. आम्ही पाहुणे म्हणून येऊ." त्यानं पोळी खाल्ली आणि आणखी एक मागून घेतली.

रविवारी तो गेला. दोन दिवस दिगंबरराव मोठ्या खुशीत होते. बायकोची बाजू घेतलेल्या नवऱ्याला जे एक तेज चढतं ते त्यांच्यावर चढलं होतं. त्यांनी न सांगता भाजी आणली, चहा केला, आणि त्या कंपनीचं युरेनियम कोणत्या प्रतीचं असेल, पुडीचा रंग पिवळाच असेल की काळपट, यावर जेवताना भरभरून बोलले. इतक्या वर्षांत या घरात त्या नावाचा एवढा उच्चार झाला नव्हता. सुमित्राबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना बरंही वाटलं. पण पालथा ठेवलेला तो फोन काही त्यांच्या डोक्यातून जाईना.

बुधवारी सकाळी त्यांनी चपला घातल्या. "बँकेत जायचं आहे. तुम्ही पण चला. फोन घेऊन."

"आणखी घ्यायचे का शेअर्स?" दिगंबररावांनी उत्साहानं विचारलं. "भाव काल रात्री आणखी उतरला आहे. घ्यायचे तर हीच वेळ आहे."

"चला तर."

सेक्टर १७ ला ऑटोतून उतरून ते बँकेत शिरले. काउंटरवर सरोज मॅडम होत्या. "आइये आंटी जी, यूरेनियम वाली," त्या म्हणाल्या. सुमित्राबाईंनी पर्समधून आपला फोन काढून काउंटरवर ठेवला.

"खाते का मोबाइल नंबर बदलना है. इनका हटाके मेरा डालना है. और पासवर्ड भी."

दिगंबरराव शेजारी उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं तेज उतरलं.

"अगं पण," ते मराठीत आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मी तर नाही ना वाचला नंबर? मी थांबलो ना?"

"थांबले," सुमित्राबाई म्हणाल्या. "चांगलं केलं तुम्ही. मी विसरणार नाही."

"मग?"

"पण वाचू शकत होते ना."

चार आणि शून्य दिगंबररावांनी वाचलेच होते. त्या दोन मिनिटांत सुमित्राबाईंची एवढी वर्षं त्यांच्या जिभेवर लटकली होती, आणि ती तिथून सुखरूप उतरली यात त्यांचा चांगुलपणा होता. पण आपली वस्तू दुसऱ्याच्या चांगुलपणावर ठेवायची सुमित्राबाईंची हौस आता फिटली होती. भांडणाचं काही कारण राहिलं नव्हतं. फक्त नंबर बदलायचा होता.

सरोज मॅडमनी अर्ज भरून घेतला, सही घेतली. "पहले पुराने नंबर पे ओटीपी आएगा. अंकल जी, आया?"

दिगंबररावांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढला, चष्मा सरकवला, एकदा बायकोकडे पाहिलं. मग डोंगरातल्या त्या जुन्या आवाजात त्यांनी एकेक आकडा म्हणून दाखवला, स्पष्ट, न अडखळता, शेवटच्या आकड्यापर्यंत. रांगेतले दोघंतिघं त्यांच्याकडे बघत राहिले. सुमित्राबाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि वाचून होईपर्यंत काढला नाही.

मग काउंटरवरचा त्यांचा स्वतःचा फोन थरथरला.

"अब नए पे आ गया," सरोज मॅडम कळफलकावर बोटं टेकवून म्हणाल्या. "बोलिए आंटी जी, नंबर क्या है?"

सुमित्राबाईंनी फोन उचलून छातीशी धरला.

"बोलूँगी नहीं," त्या म्हणाल्या. "की-बोर्ड इधर दीजिए. मैं खुद डालूँगी."